विंडोज १० गेलं, लॅपटॉप शाबूत आहे: विंडोज ११, लिनक्स मिंट की नवी खरेदी?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट थांबवले. त्या दिवशी कुणाचाही लॅपटॉप बंद पडला नाही, त्यामुळे बहुतेक घरांत हा विषय ‘बघू नंतर’वर गेला. आता दुकानदार म्हणतो नवा घ्या, भाचा म्हणतो लिनक्स (विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकट सिस्टीम) टाका, आणि लॅपटॉप तर मुकाट्याने काम करतोय. पुढचं सगळं अशा लॅपटॉपवाल्यांसाठी आहे: २०१५ ते २०१८ च्या सुमारास घेतलेली मशीन, आय-थ्री किंवा आय-फाइव्ह, चार-आठ जीबी रॅम, शेजारी एक प्रिंटर, आणि वापर म्हणजे बँक, मेल, यूट्यूब, अधूनमधून एखादा अर्ज.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कुठली सिस्टीम चांगली, या वादाने हा निर्णय होत नाही. घरात असा एखादा प्रोग्राम आहे का ज्याच्यावाचून अडतं, आणि प्रिंटर कुठला आहे, या दोन गोष्टी कळल्या की ऐंशी टक्के काम झालं.

आधी पिढी बघा

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर, थोडे अपवाद सोडले तर, आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. ओळखायला सोपं आहे. सेटिंगमधल्या ‘अबाउट’ पानावर आय५-७२००यू लिहिलं असेल तर सातवी पिढी, आय५-८२५०यू असेल तर आठवी. ही रेघ अगदीच मनमानी नाही. ७२००यू मध्ये दोन कोअर होते, ८२५०यू मध्ये चार झाले. पण दोन कोअरवर बँकेचं पान उघडत नाही असं थोडंच आहे?

आठवी किंवा त्यापुढची पिढी असेल आणि विंडोजवर राग नसेल, तर विंडोज ११ चं मोफत अपग्रेड घ्या आणि हा लेख इथेच सोडा. खरा प्रश्न सातव्या आणि त्याआधीच्या पिढीचा आहे.

वर्षभराची मुदतवाढ

विंडोज १० वरच राहून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळवता येतात. त्यासाठी ३० डॉलर भरा, किंवा मायक्रोसॉफ्टचे १००० रिवॉर्ड पॉइंट द्या, किंवा मायक्रोसॉफ्ट खात्यात शिरून सेटिंगचा बॅकअप चालू करा, म्हणजे फुकट. युरोपात ग्राहक संघटनांनी आक्षेप घेतल्यावर तिथल्या लोकांना बॅकअपची अट काढून टाकण्यात आली. आपल्याकडे ती आहे. कायद्याची भीती असली की त्याच कंपनीला तीच गोष्ट बॅकअपच्या अटीशिवाय देता येते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

फुकटचा रस्ता घेतलात तर एक सांभाळा. सेटिंगचा बॅकअप इवलासा असतो. त्याच ओघात डॉक्युमेंट आणि फोटोंचे फोल्डरही वनड्राइव्हवर पाठवायला होकार दिलात, तर मोफत मिळणारे पाच जीबी बघता बघता भरतात आणि मग जागा विकत घ्या असा तगादा सुरू होतो. फोल्डरचे ते टॉगल बंद ठेवा.

ही मुदतवाढ म्हणजे उत्तर नव्हे, पण घरात बारावीचं वर्ष असेल किंवा रिटर्नचा हंगाम डोक्यावर असेल तर हीच घ्या. अशा दिवसांत मशीनशी खेळू नये.

‘टाकून देतो की विंडोज ११!’

पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला विचारलंत तर हे उत्तर मिळण्याची शक्यता बरीच. रूफस नावाचं एक फुकट साधन टीपीएमची आणि प्रोसेसरची तपासणी वगळून पेन ड्राइव्ह बनवतं, आणि सहाव्या-सातव्या पिढीवर विंडोज ११ चालतंही. महिन्याचे सुरक्षा अपडेट साधारणपणे येतात. वर्षाची मोठी आवृत्ती मात्र आपणहून येत नाही, दरवेळी तोच खटाटोप करावा लागतो, आणि उद्या काही बंद पडलं तर मायक्रोसॉफ्टने आधीच हात वर केलेले आहेत.

मला त्याहून जास्त खटकतो तो वर फुकट मिळणारा ॲक्टिव्हेटर, म्हणजे परवान्याशिवाय विंडोज अधिकृत भासवणारा चोरटा प्रोग्राम. मूळ विंडोज १० अधिकृत असेल तर तिचा परवाना त्या मशीनच्या मदरबोर्डशी जोडलेला असतो आणि त्याच आवृत्तीच्या विंडोज ११ ला तो चालतो. ॲक्टिव्हेटरची गरजच नसते. तरी सवयीने तो चालवला जातो, त्यासाठी अँटिव्हायरस बंद केला जातो, आणि त्याच मशीनवर संध्याकाळी आपण नेटबँकिंग उघडतो. दुकानात सांगा: फक्त विंडोज टाका, बाकी काही नको.

मिंट, रोजच्या वापरात

लिनक्सचे शेकडो प्रकार आहेत. नवख्याने त्यात शिरू नये. मिंट घ्या. त्याची २२ मालिका उबंटू या दुसऱ्या लिनक्सच्या २४.०४ आवृत्तीवर बेतलेली आहे, अपडेट २०२९ पर्यंत आहेत, चार जीबी रॅममध्ये चालतं आणि दिसायला विंडोज ७ च्या वळणाचं आहे: खाली पट्टी, डावीकडे मेनू. मशीन फारच थकलेली असेल तर मिंटचीच एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. मात्र हार्ड डिस्क जुन्या फिरत्या तबकडीची असेल तर आधी एसएसडी, म्हणजे चिपवर चालणारी वेगवान डिस्क, बसवा. त्याने जेवढा फरक पडतो तेवढा सिस्टीम बदलून पडत नाही.

फायरफॉक्स, क्रोम, झूम, व्हीएलसी सगळं मिळतं. व्हॉट्सॲपचं अधिकृत लिनक्स ॲप नाही, ब्राउझरमध्ये चालवायचं. विंडोजवाल्यांनी याबद्दल फार मिरवू नये; २०२५ च्या अखेरीस त्यांचंही व्हॉट्सॲप ॲप वेब आवृत्तीलाच गुंडाळून दिलेलं झालं आणि रॅम जास्त खाऊ लागलं. काही ओटीटी सेवा लिनक्सवर कमी दर्जाचं चित्र देतात. घरात कुणी व्हॅलोरंट हा गेम खेळत असेल तर विषयच संपला, ते लिनक्सवर चालत नाही.

मग मिंटमध्ये मिळतं काय? मुख्यतः शांतता. विंडोज ११ होम बसवताना मायक्रोसॉफ्ट खातं मागतंच, ते टाळण्याच्या पळवाटा एकेक करून बुजवल्या जात आहेत. स्टार्ट मेनूत ‘शिफारशी’ म्हणून ॲपच्या जाहिराती येतात, ब्राउझर बदलायला गेलं की मनधरणी सुरू होते. विकत घेतलेल्या वस्तूने मालकालाच गिऱ्हाईक समजावं असा हा प्रकार. ऑफिसच्या वर्गणीत एआय सहायक घालून दर वाढवले, आणि जुन्या दरातली त्याविनाची योजना लोकांपासून लपवली, असा आरोप ठेवून ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टला न्यायालयात खेचलं. पुढच्या महिन्यात कंपनीने माफी मागून पैसे परत द्यायची तयारी दाखवली. मिंटमध्ये यातलं काहीच नाही, कारण तिथे विकायलाच काही नाही. अपडेट आलं की खाली छोटी खूण दिसते. हवं तेव्हा दाबा.

मराठीचं काय?

इथे दोघांचं पारडं वाटतं तितकं एकतर्फी नाही. इनस्क्रिप्ट या प्रमाण देवनागरी कीबोर्डवर टाइप करणाऱ्याला फरक जाणवतच नाही. मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट लेआउट जोडला की झालं. ‘दुसऱ्या’मधला ऱ्या दोन्हीकडे सारखाच: शिफ्ट धरून जे, मग डी, मग प्रश्नचिन्हाच्या बटणावरचा य आणि ई वरचा काना. शिफ्ट विसरलात तर दोन्हीकडे सारखीच फजिती, ‘दुसर्या’. इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी उमटवणाऱ्यांना मात्र मिंटमध्ये थोडं शोधावं लागतं. उच्चारानुसारी लेआउट मिळतात, पण विंडोजचा फोनेटिक कीबोर्ड जसा शब्द सुचवत जातो तसं तिथे सहजी होत नाही.

खरी अडचण फाइलींची. ऑफिसातून आलेलं मराठी पत्र मंगल, कोकिळा किंवा निर्मला फॉन्टमध्ये असतं. हे तिन्ही मायक्रोसॉफ्टचे, मिंटमध्ये नसतात. लिबरऑफिस (मिंटमधला ऑफिसचा फुकट पर्याय) त्यांच्या जागी दुसरा देवनागरी फॉन्ट बसवतं, ओळींची उंची बदलते आणि दोन पानांचं पत्र तिसऱ्या पानावर सही घेऊन बसतं. मजकूर एकही अक्षर बिघडत नाही, बिघडते ती मांडणी. घरच्या वापरात याने काही अडत नाही. पण रोज कार्यालयाशी वर्ड फाइलींची देवघेव असेल तर वैताग येईल. मुक्तासारखा खुला फॉन्ट दोन्हीकडे वापरणं किंवा पीडीएफ पाठवणं, एवढेच उपाय.

आणि श्रीलिपी, आयएसएम, पेजमेकर असा संसार असलेल्या डीटीपीवाल्यांनी लिनक्सच्या वाटेला जाऊच नये. तिथे फॉन्ट, टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि यूएसबीचं कुलूप हे सगळं विंडोजला बांधलेलं आहे. ती मशीन इंटरनेटपासून तोडून विंडोज १० वरच चालू ठेवा, नेटचं काम दुसरीकडे करा.

प्रिंटर

लिनक्सवरचा सगळ्यात बेभरवशाचा प्रांत असं याला म्हणतात, पण ते अर्धंच खरं. गेल्या काही वर्षांतले वायफायवाले प्रिंटर ड्रायव्हरशिवाय लागतात, कित्येकदा विंडोजपेक्षा लवकर. एपसनच्या टाकीवाल्या प्रिंटरचे लिनक्स ड्रायव्हर कंपनी स्वतः देते. घोळ होतो तो आपल्याकडच्या दोन जुन्या लाडक्यांचा.

एचपी लेझरजेट १०२०: मिंट त्याला लगेच ओळखतं, यादीत नाव येतं, आणि कागद बाहेर येत नाही. कारण या प्रिंटरला चालू करताना दरवेळी संगणकाकडून फर्मवेअर, म्हणजे त्याचा आतला प्रोग्राम, द्यावं लागतं आणि ते एचपीच्या वेगळ्या प्लगइनमध्ये असतं. ते उतरवून घेतलं की तक्रार नाही. पी१००७ आणि पी१००८ चंही तसंच.

कॅनन एलबीपी २९००: कितीतरी झेरॉक्सच्या दुकानांत आणि वकिलांच्या टेबलावर हाच असतो. तो कॅननच्या स्वतःच्या कॅप्ट पद्धतीने चालतो, लिनक्ससाठीचा ड्रायव्हर जुनाट आहे आणि तो चालता करणं म्हणजे एक अख्खी दुपार, शिवाय हमी नाही. तुमच्याकडे हा असेल आणि रोज छपाई असेल, तर मी मिंट सुचवणार नाही. चांगला चालणारा प्रिंटर सिस्टीमपायी कशाला बदलायचा?

धंदा, कर, सही

टॅली लिनक्ससाठी बनत नाही. आयकराची एक्सेल युटिलिटी मॅक्रोवर चालते, लिबरऑफिसमध्ये ती धड चालत नाही. पण पगारदाराचं साधं रिटर्न पोर्टलवरच भरून आधार ओटीपीने पडताळता येतं, त्याला ब्राउझर पुरतो. डिजिटल सहीचं टोकन वापरणारे, म्हणजे निविदा भरणारे ठेकेदार, कंपनीचे संचालक, सीए, यांनी विंडोजवरच राहावं. टोकनचे लिनक्स ड्रायव्हर असतात, पण ड्रायव्हर, सहीचं सॉफ्टवेअर, पोर्टल या साखळीतली एक कडी निसटली की निविदेच्या शेवटच्या तासाला तुमच्याकडे कुणी येणार नाही.

तेच दुरुस्तीचं. विंडोज बिघडली तर गल्लीत दुकान आहे. मिंट बिघडलं तर ‘फॉरमॅट मारून विंडोज टाकू का?’ असं ऐकायची तयारी ठेवा. म्हणून आई-वडिलांच्या मशीनवर मिंट टाकायचं असेल तर त्यांचा मदतनीस तुम्ही आहात हे गृहीत धरा. त्यांचं सगळं काम ब्राउझरमध्येच असेल तर मात्र फोनही फारसे येत नाहीत. विंडोजवर मशीन ‘स्लो झाली’, ‘व्हायरस आला असा मोठा आवाज आला’ हे फोन जास्त येतात.

नवा घ्यायचाच तर

घाई करण्याआधी भाव बघा. एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे २०२५ च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडी महागल्या आहेत. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा घरगुती ग्राहकांचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे एसएसडी बसवून जुनी मशीन चालवणं हा हिशेब पूर्वीइतका स्वस्त नसला तरी नव्या लॅपटॉपपेक्षा स्वस्तच आहे. वापरलेला घ्यायचा तर आठवी पिढी हीच सीमारेषा: थिंकपॅड टी४७० आणि टी४८० शेजारी शेजारी ठेवलेले असतात, भावात थोडाच फरक असतो, पण विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीच्या टी४८० वरच चालतं. विंडोजविना, फ्रीडॉस या नावापुरत्या फुकट सिस्टीमवर विकला जाणारा नवा लॅपटॉप मिंट टाकणाऱ्याला परवडतो. त्यावर दुकानदाराची चोरीची विंडोज घेणार असाल तर वाचवलेल्या पैशांना अर्थ नाही.

टाकण्याआधी

मिंट पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, डिस्कला हात न लावता. तेवढ्यात वायफाय, आवाज, कॅमेरा आणि वर सांगितलेला प्रिंटर तपासा. वायफाय दिसलं नाही तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा, नेट येईल आणि ड्रायव्हर शोधता येईल. पसंत पडलं तर आधी सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवा. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून लिहून घ्या, कारण विभाजनं बदलल्यावर विंडोज ती मागू शकते. दोन्ही सिस्टीम ठेवणार असाल तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर मिंटला तिकडच्या फाइली वाचता येतील पण लिहिता येणार नाहीत. आणि नंतर कधी विंडोजचं घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नका: लिनक्स मशीनचं घड्याळ ग्रिनिच वेळेवर ठेवतं आणि विंडोज तीच वेळ भारतीय समजते. मिंटला स्थानिक वेळ वापरायला सांगणारी एका ओळीची आज्ञा आहे.