झूनिव्हर्स : घरबसल्या, फुकटात आणि खरंच कामाचं

घरी अडकलोय, फुकटात करण्यासारखं ऑनलाइन काय आहे असं कोणी विचारलं की मी आता सरळ झूनिव्हर्सचं नाव सांगते. पायाला प्लास्टर होतं तेव्हा बरंच काही करून बघितलं, म्युझियमच्या व्हर्च्युअल टूर, फुकटचे कोर्स, शब्दकोडी, सगळं छानच आहे, पण त्यात आपण बघे असतो, आपण नसलो तरी कोणाचं काही अडत नाही. इथे पलीकडच्या माणसाला आपली मदत खरंच हवी असते. मला ही साइट आवडली ती यासाठीच.

प्रकार असा आहे की शास्त्रज्ञांकडे फोटो, जुनी हस्तलिखितं, आवाजांची रेकॉर्डिंग्ज असा ढीगभर माल साठलेला असतो आणि तो नीट बघायला माणसं पुरत नाहीत. मग ते सगळं इथे टाकतात आणि तुमच्या-आमच्यासारख्या लोकांना सोपे सोपे प्रश्न विचारतात. याची सुरुवात झाली २००७ मध्ये, ऑक्सफर्डला. केविन शाविन्स्की नावाच्या संशोधकाने एकट्याने ५०,००० दीर्घिका (म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह) डोळ्यांनी बघून आकाराप्रमाणे वेगळ्या केल्या होत्या आणि अजून लाखो शिल्लक होत्या, तेव्हा त्याने आणि ख्रिस लिंटॉटने मिळून 'गॅलेक्सी झू' काढलं. पहिल्याच वर्षात दीड लाखाच्या वर लोकांनी मिळून ५ कोटींहून जास्त नोंदी केल्या! पुढे २००९ मध्ये झूनिव्हर्स आलं आणि मग आकाशाबरोबर प्राणी, इतिहास, हवामान सगळंच त्यात आलं.

गॅलेक्सी झूमध्ये समोर एक फोटो येतो आणि विचारतात, ही गुळगुळीत दिसतेय की चकतीसारखी आहे, सर्पिल, म्हणजे केंद्राभोवती वळत गेलेले, फाटे दिसतायत का, दिसत असतील तर किती. बस. गणित नाही, फॉर्म्युले नाहीत. कॉम्प्युटरही आता हे काम करतात पण त्यांना शिकवायलाही माणसांनी दिलेली उत्तरंच लागली. आणि एक फार भारी गोष्ट, सुरुवातीला दीर्घिका कुठल्या बाजूला फिरतेय असंही विचारायचे, तर उत्तरांत घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरणाऱ्या जास्त निघायला लागल्या. मग त्यांनी फोटो आरशातल्यासारखे उलटे करून लोकांना दाखवले, तरीही काट्यांच्या उलट दिशेच्याच जास्त! म्हणजे कल आकाशात नव्हता, आपल्या बघण्यात होता. विज्ञान म्हणजे काय हे पोरांना समजवायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

हॅनी फॅन आर्केल ही नेदरलँड्समधली शाळेतली शिक्षिका, तिला २००७ मध्येच असे फोटो बघताना एका दीर्घिकेशेजारी विचित्र निळसर डाग दिसला. तिने सोडून दिलं नाही, हे काय आहे म्हणून विचारलं. तो निघाला वायूचा प्रचंड मोठा ढग, शेजारच्या दीर्घिकेच्या केंद्रातून पूर्वी निघालेल्या प्रकाशाने उजळलेला, आणि ते केंद्र स्वतः मात्र तोवर मंदावलेलं. नंतर हबल दुर्बिणीनेही त्याचा फोटो काढला आणि आज ती वस्तू हॅनीच्याच नावाने ओळखतात.

माझ्या आईला मात्र आकाशात रस नाही. तिला लागलं 'स्नॅपशॉट सेरेंगेटी'चं वेड. टांझानियाच्या सेरेंगेटी नॅशनल पार्कमध्ये २२५ कॅमेरे लावले, समोरून काही हललं की आपोआप फोटो निघतो, आणि आपण सांगायचं प्राणी कुठला, किती आहेत, उभे आहेत की चरतायत, पिल्लू आहे का. ओळखता आलं नाही तर शिंगं कशी, रंग कसा, अंगावर पट्टे की ठिपके यावरून यादी कमी कमी करत नेता येते. आईला इंग्रजी वाचायला त्रास होतो म्हणून ती बघून सांगायची आणि मी क्लिक करायचे, "अगं थांब, पुढे जाऊ नको, कोपऱ्यात शेपटी आहे बघ!" आणि खरंच असायची. एक मात्र आहे, खूप फोटोंत नुसतं गवतच असतं, वाऱ्याने हललं तरी कॅमेरा क्लिक करतो, त्यामुळे धीर पाहिजे. पण मग मध्येच रात्रीचा तरस थेट कॅमेऱ्यात बघत असतो.

आपलं चुकलं तर काय, ही शंका सगळ्यांना येते. एकच फोटो बऱ्याच जणांना दाखवतात आणि सगळ्यांची उत्तरं एकत्र करून निष्कर्ष काढतात. सेरेंगेटीच्या बाबतीत अशी एकत्र केलेली उत्तरं तज्ज्ञांशी ताडून पाहिली तर प्राणी ओळखण्यात ९६ टक्क्यांच्या वर बरोबर निघाली. तेव्हा बिनधास्त करा.

उणं सांगायचं तर भाषा. बहुतेक प्रोजेक्ट इंग्रजीतच आहेत, मराठी शाळेतल्या मुलाला सुरुवातीला कोणीतरी शेजारी बसून सांगावं लागतं. प्रश्न तेच तेच असल्यामुळे दोनचार वेळा सांगितलं की जमतं म्हणा, पण कोणीतरी हे मराठीत आणायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. दुसरं म्हणजे एखाद्या प्रोजेक्टचे फोटो संपले की तो थांबतो, मग नवे येईपर्यंत दुसरा शोधायचा.

पैसे अजिबात लागत नाहीत, अकाउंट न काढताही करता येतं, काढलं तर आपण किती केलं त्याची नोंद राहते. फोनवर ॲप आहे पण सगळे प्रोजेक्ट त्यावर नसतात, आणि दीर्घिकांचे फाटे मोजायला लॅपटॉपच बरा. लहान मुलं, आजीआजोबा असतील तर प्राण्यांपासून सुरू करा. फिजिक्स किंवा इंजिनिअरिंगला असलेलं कोणी घरात असेल तर त्यांना आपल्याकडचं 'रॅड ॲट होम' पण सांगा, तेही सामान्य लोकांना संशोधनात घेणारंच आहे, पण झूनिव्हर्सपेक्षा वेगळं आहे ते, भारतातलं, २०१३ पासून चालू आहे, आणि त्यात नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीने टिपलेलं आकाश बघायला मिळतं.