मेनूकार्डासाठी कुडाळचं डीटीपी दुकान: काम चोख, वेळेचं विचारू नका

तारकर्लीच्या रस्त्याला आमची घरगुती खानावळ आहे. नवं मेनूकार्ड करायला कुडाळला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीतल्या डीटीपीवाल्यांकडे गेले. दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन आणि डिझाइनला बसणारी एक मुलगी. खरं तर हे सगळं तिच्याच कामाबद्दल लिहितेय.

जुनं कार्ड एफोर कागदाचं. नक्षीची किनार, मध्ये सुरमईचा फोटो, मागे फिकट समुद्र, अक्षरं चार रंगांत. तिनं ते उलटंपालटं करून पाहिलं. "वयनीनू, हंय सगळाच ठळक आसा. मगे गिरायकान बघूचा खय?"

पहिल्यांदा समुद्र गेला. (माझ्या मिस्टरांना अजून तो हवा आहे. बाहेर खरा आहे, तो बघा म्हटलं.) थाळ्या सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, कारण बहुतेक लोक थाळीच मागतात. खाली तळलेलं, तिखलं, कोंबडी-वडे, शाकाहारी, गोड असे गट. गटातल्या ओळी जवळजवळ, दोन गटांमध्ये भरपूर मोकळी जागा, कुठेही रेघ नाही. थाळीत काय काय येतं ते तिच्या नावाखालीच बारीक अक्षरात. आधी ते तळाला होतं, त्यामुळे "सोलकढी वेगळी घ्यावी लागते का?" हे रोज ऐकावं लागायचं.

दरांचं काम मला सगळ्यात आवडलं. पूर्वी पदार्थ डाव्या कडेला, दर पार उजव्या कडेला आणि मध्ये टिंबांची लांब माळ. नजर एक ओळ घसरायची नि गिऱ्हाईक बांगड्याच्या दरात पापलेट मागायचं. तिनं पान दोन रकान्यांत विभागलं. आता दर नावाच्या जवळच येतो, आणि आकडे उजवीकडून जुळवल्यामुळे एककाखाली एकक बसतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते, म्हणून माशांचा गट वेगळ्या पट्टीवर, काढता येईल असा.

फाँट दोनच: मथळ्यांना 'बलू', बाकी सगळं 'मुक्ता'. 'सोलकढी'तला ल आणि 'शाकाहारी'तला श हिंदी नव्हे, मराठी वळणाचे आहेत ना, हे तिनं स्वतःहून तपासलं. १२ पॉइंटच्या अक्षराला ओळींचं अंतर १८ पॉइंट ठेवलं. कमी ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला टेकतो, हे तिनं स्क्रीनवर करून दाखवलं. मथळ्याची अक्षरं जरा लांब लांब करून मागितली, तर शिरोरेषा तुटेल म्हणून सरळ नाही म्हणाली.

आता तक्रारी. मागच्या पानावर आमच्या घराची माहिती आहे, ती दुकानाच्या मालकांनी दोन्ही कडांना ताणून बसवली. 'स्वयंपाकघरातल्या'सारखे लांब शब्द, तेही ओळीच्या शेवटी न तोडलेले, म्हणजे अरुंद रकान्यात शब्दांमध्ये भोकं पडणारच. "पेपरात तसंच असतं" हे त्यांचं उत्तर. मी हट्टानं डावीकडून सरळ करून घेतलं. प्रूफ व्हॉट्सअॅपवर पाठवतात, तेही चार फोन केल्यावर. मोबाइलवर कोकमाचा रंग झकास दिसला, छापून आला तो विटकरी. कागदावरचं प्रूफ मागाच. चकचकीत लॅमिनेशन घेऊ नका, दुपारी पडवीत बसलेल्या माणसाला कार्डात फक्त उजेड दिसतो. मॅट थोडं महाग पडतं, पण तेच घ्या.

डिझाइनचे १२०० रुपये घेतले, छपाई वेगळी. पीडीएफ मागितली की देतात. गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात मात्र जाऊ नका. तेव्हा आरत्यांच्या पुस्तिका आणि डबलबारी भजनांचे बॅनर यांतून त्या मुलीला मान वर करायला फुरसत नसते, आणि तुमचं काम मालक स्वतः करायला घेतात.