हातात दांडी धरून हार्मोन मोजता येत नाही

आमच्या अमळनेर तालुक्यात कापसाचा पैसा हाती आला की रिक्षावर भोंगा फिरू लागतो: 'पन्नाशीनंतर थकवा, चिडचिड, कमजोरी? पुरुषांची मोफत हार्मोन तपासणी!'

माझे काका, आम्ही त्यांना नाना म्हणतो, अठ्ठावन्न वर्षांचे. मंगल कार्यालयात पांढऱ्या कोटातल्या माणसाने त्यांच्या हातात लॅपटॉपला जोडलेली धातूची दांडी दिली. लगेच रंगीत कागद निघाला: टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, 'अत्यंत कमी'. मग बाजूला नेऊन हळू आवाजात, "आता नाही घेतलं तर अंथरूण धराल." कोर्स अठरा हजारांचा. बिल नाही. डबीवर ना कंपनीचा पत्ता, ना बॅच नंबर.

नानांना हृदयासाठी नायट्रेटची गोळी चालू आहे, हे तिथे कुणी विचारलंही नाही. कॅप्सूल घेतली आणि नाना शेतात चक्कर येऊन पडले. धुळ्याच्या डॉक्टरांनी डबी पाहताच सांगितलं, 'आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा ताकदीच्या औषधांत चोरून सिल्डेनाफिल, म्हणजे लैंगिक ताकदीच्या गोळीतलं ॲलोपॅथी औषध, मिसळलेलं सापडतं. नायट्रेटसोबत ते पोटात गेलं तर रक्तदाब एकदम कोसळतो, जीवही जाऊ शकतो. हे ऐकून माझा संताप अजून गेलेला नाही. पैशांचं एक वेळ सोडा, हा जिवाशी खेळ आहे.

बायकांची पाळी जाते तसं पुरुषाचं हार्मोन एकदम बंद होत नाही. तिशी-चाळिशीनंतर ते वर्षाला साधारण १ टक्क्याने उतरतं. सकाळी ते सर्वांत जास्त असतं, म्हणून तपासणी रक्ताचीच आणि सकाळी १० च्या आत. कमी आलं तर आणखी एखाद्या दिवशी सकाळी पुन्हा. मधुमेह, सुटलेलं पोट, दारू यांनीही ते घटतं. खरंच उपचार लागले तरी आधी प्रोस्टेट ग्रंथीसाठीची पीएसए ही रक्ततपासणी करतात आणि रक्ताचा दाटपणा बघतात. नानांचं हार्मोन ठीक निघालं. शुगर वाढलेली होती, थकवा तिचा.

"माले सांगानी लाज वाटनी," नाना म्हणाले. या लोकांचा धंदा त्याच लाजेवर चालतो. नाना पारावर उघड बोलले, तेव्हा गावातल्या आणखी कितीतरी जणांनी आपापल्या डब्या बाहेर काढल्या.

लैंगिक ताकदीच्या औषधांची जाहिरात करायला १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याने बंदी आहे. डबी, उरलेल्या कॅप्सूल आणि तो रंगीत कागद फेकू नका. ते घेऊन जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार द्या. पैशांसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५.