ईजीआर व्हॉल्व्ह साफ केल्यानंतरचे काही महिने

गाडी पेट्रोल, बऱ्यापैकी चाललेली. इंजिन गरम झालं की सिग्नलला उभं असताना आरपीएमचा काटा खालीवर व्हायचा, स्टेअरिंग थरथरायचं, कधीकधी इंजिन चक्क बंद पडायचं. रेस दिली की सगळं सुरळीत. प्लग, कॉइल, एअर फिल्टर ठीक होते, व्हॅक्यूमचा पाइपही कुठे चिरलेला नव्हता. स्कॅनरवर पी०४०२ कोड निघाला, म्हणजे ईजीआरमधून (एक्झॉस्ट गॅस रीसर्क्युलेशन) गरजेपेक्षा जास्त वायू जातोय.

जळलेला थोडा वायू पुन्हा इंजिनात सोडून ज्वलनाचं तापमान उतरवायचं, म्हणजे नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात, हे ईजीआरचं काम. पण आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, हा व्हॉल्व्ह बंदच हवा. सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होताना जिथे टेकतो त्या कडेवर, कार्बन अडकला की तो किंचित उघडा राहतो आणि मुळात थोड्याशा हवेवर चालणाऱ्या इंजिनात हा वायू घुसतो. मग मिसिंग होणारच. वेगात हवा भरपूर येते, तिथे एवढी गळती खपून जाते.

इंजिन गार असताना बॅटरीची निगेटिव्ह काढून व्हॉल्व्ह उतरवला. प्लंजरच्या (व्हॉल्व्ह उघड-बंद करणारा दांडा) टोकाखाली कोळशासारखा कडक थर होता, नखाने निघेना. बोटाने दाबून सोडला तर प्लंजर शेवटच्या टप्प्यात अडकायचा. व्हॉल्व्हच्या विजेच्या कॉइलची बाजू वर धरून क्लीनर मारला, थर भिजू दिला, मग ब्रशने सीट घासली. अगदी चमकेपर्यंत. माझ्या मते सगळी किमया या सीटमध्ये आहे. बाहेरून कितीही लखलखीत केलं तरी प्लंजर टक् करून बसला नाही तर उपयोग शून्य. बसवताना गॅस्केट नवीन घातलं. थ्रॉटल बॉडीच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) कडेचं काळं वर्तुळही कापडाने पुसलं. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप हाताने ढकलू नये, आणि नंतर आयडल रीलर्न करून घ्यावं, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर आयडलिंग नव्याने जुळवून घेतो.

तेव्हापासून गरम इंजिनला काटा ७५० च्या आसपास स्थिर आहे. एसी लावला की किंचित हलतो आणि सावरतो. कोड परत आलेला नाही, गाडी एकदाही बंद पडली नाही. पिकअप आणि मायलेजमध्ये मात्र सांगण्यासारखा फरक नाही. मध्यंतरी व्हॉल्व्ह पुन्हा उघडून पाहिला, तर मऊ काजळीचा पातळ थर होता, नुसत्या कापडाने निघाला. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली ऑइलची वाफ हवेच्या वाटेत सोडणारा) बदलल्याचा त्यात हातभार असावा, कारण ऑइलची वाफ मिसळली की काजळी चिकट होते.

टाकीत ओतायच्या औषधांवर यासाठी खर्च करू नका. पेट्रोल ईजीआरमधून जातच नाही, तर तो साफ कसा होईल? काटा स्थिर असूनही गाडी थरथरत असेल तर आधी इंजिन माउंट (इंजिन ज्यावर टेकतं ते रबरी आधार) बघा. व्हॉल्व्हची कॉइलच गेली असेल तर साफसफाईने काही होणार नाही, तो बदलावाच लागतो. प्लेट लावून ईजीआर कायमचा बंद करण्याचा सल्लाही मिळेल. तो ऐकू नका. काजळी घासायला एक दुपार पुरते, तेवढ्यासाठी सगळ्यांच्या श्वासात जास्तीचे नायट्रोजन ऑक्साइड सोडणं मला अजिबात मान्य नाही.