सापाच्या पेटीतली ऊब आणि ओल: मॅट, दिवा की पॅनेल?

पाळीव सापासाठी पेटी लावायला घेतली की पहिला प्रश्न हीटरचा येतो: खालून मॅट लावू की वरून दिवा? त्याआधी एक साधं गणित पाहू. खोलीत २५ अंश सेल्सिअसला ६० टक्के आर्द्रता आहे असं समजा. तीच हवा पेटीत ३२ अंशांपर्यंत तापली की आर्द्रतेचा आकडा ४० च्या आसपास उतरतो. पाणी कुठेही गेलेलं नसतं. गरम हवेत जास्त बाष्प मावतं, म्हणून टक्केवारी घसरते. म्हणजे हीटर निवडताना आपण ओलीचाही निम्मा निर्णय घेऊन टाकलेला असतो. उरलेला निम्मा निर्णय पेटी घेते.

म्हणून माझा क्रम असा: आधी साप, मग पेटी, मग हीटर, शेवटी ओल. बरेच लोक पेटी आणि दिव्याचा जोड-संच आधी आणतात आणि मग त्यात कोणता साप बसेल ते शोधतात. तिथून पुढे आर्द्रतेशी झगडा चालू होतो.

साप कोणता, यावर सगळं आहे

बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. बाहेर गवताळ रान कोरडं पडलं तरी हा दिवसाचा बराच वेळ बिळांत आणि वारुळांत काढतो, आणि तिथली हवा दमट असते. पेटीत त्याला गरम बाजूला ३१ ते ३३ अंश, थंड बाजूला २४ ते २७ अंश आणि ६० ते ७० टक्के आर्द्रता लागते. कॉर्न स्नेक अमेरिकेच्या आग्नेय भागातला, जास्त सोशिक: गरम बाजू २९ ते ३१, थंड बाजू २२ ते २५, आर्द्रता ४० ते ६० टक्के. केनियन सँड बोआ पूर्व आफ्रिकेच्या कोरड्या, वाळूच्या मुलखातला. त्याला गरम कोपरा ३२ ते ३५ अंशांचा आवडतो, आणि पेटी सतत दमट राहिली तर तेच त्याला बाधतं.

या तिघांसाठी एकच पेटी सुचवणारा सल्ला दिसला, तर तो बाजूला ठेवा.

दोन टोकांच्या तापमानांत फरक का हवा? साप शरीरात उष्णता तयार करत नाही, जागा बदलून ती मिळवतो. खाल्ल्यावर तो गरम बाजूला जातो, कारण ऊब कमी पडली तर पचन अडतं आणि गिळलेलं भक्ष्य उलटून पडू शकतं. तापला की थंड बाजूला सरकतो. पूर्ण पेटीत ३२ अंश असतील तर त्याला सरकायला जागाच उरत नाही. दोन्ही बाजूंना लपायला एकेक जागा हवी ती याचसाठी. नाहीतर भित्रा साप ऊब सोडतो, पण आडोसा सोडत नाही.

पेटी: काच, पीव्हीसी, टब, लाकूड

जाळीचं झाकण असलेली काचेची टाकी दिसायला सर्वांत छान आणि ओल धरायला सर्वांत वाईट. गरम हवा वर जाते, जाळीतून निसटते आणि जाताना बाष्प घेऊन जाते. सँड बोआला हे चालतं, कॉर्न स्नेकला थोड्या मेहनतीने चालतं. बॉल पायथनसाठी मात्र जाळीचा बराच भाग झाकावा लागतो. दिव्यापासून लांबचा भाग अ‍ॅक्रिलिकने झाकता येतो, दिव्याजवळ प्लास्टिक नको. एवढं करून आर्द्रता जमते, पण दर ऋतूत नव्याने जुळवावी लागते.

समोरून उघडणारी पीव्हीसीची पेटी ऊब आणि ओल दोन्ही धरते. भिंती अपारदर्शक असल्याने साप निवांत असतो. शिवाय वरून हात येत नाही. वरून झेपावणारी गोष्ट सापाला शिकारी पक्ष्यासारखी वाटते, हा फायदा सहसा कुणी मोजत नाही. बॉल पायथन किंवा बोआ (सँड बोआ नव्हे) घ्यायचा ठरला असेल, तर मी दुसरा पर्याय सुचवणार नाही.

प्लास्टिकचा टब पिल्लांसाठी उत्तम: लहान, दमट, स्वच्छ करायला सोपा. पण भोकं कमी पाडली तर आतली हवा साचते. टबमध्ये वरून तापणारा दिवा लावायचा नसतो, प्लास्टिक वितळतं. तिथे मॅटच. लाकडी पेटी ऊब चांगली धरते, पण सांधे आणि पृष्ठभाग नीट सील केले नाहीत तर ओलीने फुगते. कोरड्या जातींसाठी ठीक.

ऊब: खालून की वरून

हीट मॅट ज्या पृष्ठभागाला चिकटते तो तापवते. पेटीतली हवा तिने फारशी तापत नाही. त्यामुळे ती ओलही कमी पळवते, ही तिची जमेची बाजू. टबमध्ये, तळाशी पातळ अंथरूण (भुसा, चिप्स वगैरे) असेल तेव्हा, लहान सापासाठी ती अजूनही सरस आहे. मॅटने तळाचा साधारण एक तृतीयांश भाग व्यापावा, म्हणजे थंड बाजू थंड राहते. पण तिच्यावर १० सेंटिमीटर नारळाचा भुसा पसरला की गणित फसतं: भुसा उष्णता अडवतो, वर ऊब पोचत नाही आणि खाली काच तापत जाते. उबेच्या शोधात साप भुसा उकरून थेट काचेवर जाऊन बसतो. पोटाला भाजलं तरी तो लगेच उठेलच असं नाही. पोटाच्या खवल्यांवरचे बरेच भाजल्याचे डाग असेच आलेले असतात. लाकडी तळावर मॅट तर लावूच नये, कारण लाकूड उष्णता पलीकडे जाऊ देत नाही.

थोडक्यात, ओलीसाठी जाड अंथरूण हवं असेल तर ऊब वरून आणा.

वरून आणायचे चार मार्ग. हॅलोजन दिवा उन्हाच्या सर्वांत जवळ जातो. त्याची जवळची अवरक्त किरणं कातडीच्या आतपर्यंत पोचतात आणि दगड-लाकूडही तापवतात. प्रकाश देतो म्हणून तो फक्त दिवसा चालवायचा. सँड बोआ, किंगस्नेक, कॉर्न स्नेक यांच्यासाठी माझी पहिली पसंती हीच. बॉल पायथनच्या पीव्हीसी पेटीतही तो चालतो, फक्त अंथरुणाचा वरचा थर त्याच्याखाली लवकर सुकतो.

डीप हीट प्रोजेक्टर डोळ्यांना दिसेल असा प्रकाश देत नाही, म्हणून दिवसरात्र चालतो. त्याची उष्णता सिरॅमिक हीटरपेक्षा खोल जाते. रात्री खोली फार गार होत असेल तर हा सोयीचा.

सिरॅमिक हीटरही अंधारातला, टिकाऊ, सगळीकडे मिळणारा. पण तो मुख्यतः वरवरची ऊब देतो, हवा तापवतो, आणि जाळीच्या टाकीत आर्द्रता खाली पाडण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नाही. त्याचा पृष्ठभाग २०० अंशांच्या पुढे जातो, म्हणून होल्डर चिनी मातीचाच हवा आणि पेटीच्या आत असेल तर भोवती तारेची जाळी हवीच. साप दिव्याला विळखा घालतात, आणि भाजत असतानाही पटकन सोडत नाहीत. हॅलोजन आणि प्रोजेक्टरलाही हाच नियम.

रेडियंट पॅनेल हे छताला बसवायचं सपाट तावदान. विळखा घालायला त्यात काही नाही, ऊब रुंद पसरते, अंथरूण कमी सुकतं. मोठ्या पीव्हीसी पेटीतल्या बोआसाठी किंवा झाडावर राहणाऱ्या सापासाठी ते फार चांगलं. लहान पेटीत मात्र ते सगळीकडे सारखीच ऊब करून टाकतं आणि थंड बाजू गिळतं.

दोन वस्तू यादीतून काढूनच टाका. एक, वीज जोडायचा गरम दगड: तो ठिकठिकाणी असमान तापतो आणि साप त्यावर थेट बसतो. दुसरी, रात्रीसाठी म्हणून विकले जाणारे लाल-निळे दिवे. सापाला त्यांचा प्रकाश दिसतो, त्यामुळे त्याची रात्र होतच नाही.

थर्मोस्टॅट

थर्मोस्टॅट म्हणजे तापमान ओळखून हीटर आवरणारं यंत्र. पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे कुठेही वाचवा. थर्मोस्टॅटशिवाय चालवलेली मॅट ५० अंशांपुढे जाऊ शकते, आणि मंद-प्रखर करायचं बटण म्हणजे थर्मोस्टॅट नव्हे. खोली तापली तर त्या बटणाला त्याचा पत्ता नसतो.

प्रकार तीन. चालू-बंद करणारा साधा थर्मोस्टॅट मॅटला पुरतो. पल्स पद्धतीचा, म्हणजे वीज छोट्या-छोट्या झटक्यांत सोडणारा, मॅटला, सिरॅमिक हीटरला आणि पॅनेलला चांगला. डिमिंग, म्हणजे वीज हळूहळू कमी-जास्त करणारा थर्मोस्टॅट प्रकाश देणाऱ्या दिव्याला लागतोच, नाहीतर हॅलोजन दिवसभर मिचमिचत राहतो आणि लवकर जातो. पुढे काय लावाल याची खात्री नसेल तर डिमिंगच घ्या, तो प्रोजेक्टर आणि सिरॅमिकलाही चालतो.

सेन्सर कुठे ठेवता हेही तितकंच महत्त्वाचं. मॅटसाठी तो मॅट आणि पेटीचा तळ यांच्या मध्ये. वरच्या हीटरसाठी साप जिथे बसतो त्या उंचीवर, पक्का बांधलेला. सापाने सेन्सर ढकलून पाण्याच्या भांड्यात टाकला, की थर्मोस्टॅटला पेटी गार वाटते आणि तो हीटर पूर्ण जोरात सोडतो. मात्र पेटीत आतून चिकटपट्टी कधीच लावू नका. साप तिला चिकटला की खवले सोलून निघतात. वायर बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या किंवा क्लिप वापरा.

ओल कशी टिकवायची

पर्याय पाहिले तर फवारणी सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत कुचकामी. फवारलं की मीटर ८५ दाखवतो, तासा-दोन तासांनी पुन्हा ४५. मधल्या काळात अंथरुणाचा वरचा थर ओला, म्हणजे नेमका जिथे साप पोट टेकतो तो. पोट सतत ओल्यावर राहिलं की खवल्यांखाली फोड येतात, जखमा होतात.

त्यापेक्षा ८ ते १० सेंटिमीटर नारळाची साल-चिप्स, कॉयर (नारळाचा भुसा) किंवा सायप्रस मल्च (सायप्रस झाडाचा चुरा) पसरा आणि पेटीच्या कोपऱ्यांत पाणी ओता. पाणी तळाशी जातं, वरचा थर कोरडा राहतो आणि बाष्प हळूहळू वर येत राहतं. आठवड्यातून एकदा हाताने ढवळून पाहिलं की पुरतं. बॉल पायथन आणि बोआसाठी याच्याइतकी भरवशाची पद्धत मला माहीत नाही. अ‍ॅस्पेन लाकडाचा भुसा ओला झाला की बुरशी धरतो, म्हणून तो फक्त कोरड्या जातींना. सीडर (देवदार) लाकडाचा भुसा कुठल्याच सापाला नको, त्याची वाफ विषारी असते.

फॉगर घ्यावा का? माझं मत नाही. तो हवेत पाण्याचे बारीक थेंब सोडतो. टाकी रोजच्या रोज साफ ठेवली नाही तर त्या थेंबांबरोबर जिवाणू थेट फुप्फुसांत जातात. हवा कोंदट असेल तर श्वसनाचा संसर्ग ठरलेला. तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, नाकाशी फेस, शिट्टीसारखा आवाज, यातलं काही दिसलं तर पेटीत फेरफार करत बसू नका, सरीसृपांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. पाण्याचं मोठं भांडं गरम बाजूजवळ सरकवल्यानेही आकडा थोडा वर जातो, पण थोडाच.

कॉर्न स्नेक, किंगस्नेक आणि सँड बोआ यांच्यासाठी पूर्ण पेटी दमट करायची गरजच नाही. झाकणाचा डबा घ्या, त्याला भोक पाडा, आत भिजवून पिळून घेतलेलं स्फॅग्नम मॉस (एक प्रकारचं शेवाळ) भरा आणि पेटीच्या मध्यापासून गरम बाजूकडे ठेवा. कात टाकायच्या आधी डोळे निळसर-दुधी झाले की साप आपणहून आत जाऊन बसतो, आणि कात एका तुकड्यात निघते. कात तुकड्या-तुकड्यांत येत असेल किंवा डोळ्यावरची टोपी (कातीचा डोळ्यावरचा पारदर्शक तुकडा) राहून गेली असेल, तर ओल कमी पडते आहे. ती टोपी नखाने काढायला जाऊ नका. डोळाच जायचा.

मोजायचं कशाने

काचेला चिकटवायचे गोल काटेवाले मीटर स्वस्त असतात आणि बेभरवशाचे. दोन डिजिटल मीटर घ्या, सेन्सर वायरवर असलेले, एक गरम टोकाला आणि एक थंड. पृष्ठभागासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर वेगळा लागतो, कारण हवेचं तापमान आणि दिव्याखालच्या दगडाचं तापमान यांत चांगलाच फरक असतो. साप आणण्याआधी पेटी आठवडाभर रिकामी चालवा आणि पहाटे, दुपारी, रात्री आकडे लिहून ठेवा.

नवा आर्द्रतामापक खरा आहे का, हे मिठाने तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चार थेंब पाणी घालून ओलसर लगदा करा, मीटरसह हवाबंद पिशवीत ठेवा आणि १२ तासांनी पाहा. आत ७५ टक्के आर्द्रता असायला हवी. मीटर ६८ दाखवत असेल, तर त्याच्या प्रत्येक आकड्यात ७ मिळवून वाचा. फरक १० च्या पुढे असेल तर तो परत करा.