पुणे मेट्रो (वनाज-रामवाडी आणि स्वारगेट लाइन): सत्तरीच्या पुढच्यांनी जावं का?

रेटिंग आधीच देऊन टाकते. मेट्रोला पाचपैकी साडेचार, आणि घरापासून स्टेशनपर्यंतच्या रस्त्याला दोन, ते पण झाडांच्या सावलीमुळे.

मी कोथरूडची, वय सत्तरच्या पुढे, दोन्ही गुडघे कुरकुरतात. आमच्या कट्ट्यावर बहुतेक सगळे याच वयाचे, त्यामुळे हा रिव्ह्यू माझ्या एकटीचा नाही, सगळ्यांशी बोलून लिहितेय. आणि तरुण लोक मेट्रोबद्दल लिहितात ते स्पीड आणि पार्किंगबद्दल, आम्हाला काय लागतं ते कुणी लिहितच नाही, म्हणून जरा सविस्तर.

आम्हाला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती म्हणजे पायरी नाही. प्लॅटफॉर्म आणि डबा एका लेव्हलला, फट अगदी थोडी, काठी टेकवत सरळ आत जाता येतं. बसमध्ये चढताना एक हात दांड्याला, दुसऱ्या हातात पिशवी, मागून लोक ढकलतायत आणि बसायच्या आत गाडी सुटते, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांनाच याची किंमत कळेल. लिफ्ट प्रत्येक स्टेशनला आहे, ज्येष्ठांसाठी राखीव सीट आहेत, मराठीत अनाउन्समेंट होते, स्वच्छतागृह आहे (हे आमच्या वयात फार महत्त्वाचं, यावरूनच बाहेर पडायचं की नाही ते ठरतं). कमीत कमी तिकीट 10 रुपये, शनिवार-रविवारी 30 टक्के सूट. तिकीट काउंटरवर रोख पैसे देऊनही मिळतं, मोबाइलवरच काढायला पाहिजे असं नाही, आमच्यातल्या बऱ्याच जणी फक्त याच भीतीने जात नव्हत्या.

वनाज-गरवारे हा तुकडा 6 मार्च 2022 ला सुरू झाला तेव्हा सगळे हौसेने एक चक्कर मारून आले आणि विसरले, कारण गरवारेला उतरून करायचं काय? खरा फरक पडला तो 1 ऑगस्ट 2023 ला सिव्हिल कोर्टावरून रुबी हॉलपर्यंत गाडी गेली तेव्हा, मग मार्च 2024 मध्ये रामवाडी, आणि सप्टेंबर 2024 मध्ये स्वारगेट. आता संभाजी उद्यानला उतरलं की बालगंधर्व रंगमंदिर जवळ, नाटकाला जायला मुलाला गाडी काढ म्हणायला लागत नाही. रुबी हॉल हॉस्पिटलला स्टेशन, ससून हॉस्पिटलला जायचं तर पुणे स्टेशन. आणि मंडई! कट्ट्यावरचे एक काका, ऐंशीच्या आसपासचे, पेठेतलं घर सोडून कोथरूडला आल्यापासून मंडईत जाणं सुटलंच होतं त्यांचं, ते आता अधूनमधून एकटे जाऊन वांगी घेऊन येतात. वांगी कोथरूडलाही मिळतात हो, पण एकटं जाऊन येता येतं हे केवढं मोठं आहे ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

अर्धा मार्क कापलाय तो सिव्हिल कोर्टासाठी. स्वारगेटच्या गाडीसाठी इथे बदलायचं आणि खालचा प्लॅटफॉर्म जमिनीखाली जवळजवळ 33 मीटर. छत असं केलंय की उजेड खालपर्यंत येतो, बघायला सुंदरच आहे, पण चालणं बरंच होतं आणि एकापाठोपाठ एक सरकते जिने. साडीवाल्यांनी, चक्कर येणाऱ्यांनी सरळ लिफ्ट शोधावी, वेळ जास्त धरून निघावं.

आता रस्ता. आमच्या कट्ट्यावरचं मेट्रोत कुणी पडलेलं नाही, पडलेत ते सगळे फुटपाथवर किंवा रस्ता ओलांडताना. फुटपाथची उंची 15 सेंटीमीटरपेक्षा जास्त नको आणि चालायला निदान 1.8 मीटर मोकळी जागा पाहिजे असं इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे. आमच्या गल्लीत फुटपाथ काही ठिकाणी एवढा उंच की हात धरायला माणूस लागतो, मग दर दहा पावलांवर कुणाच्या तरी गेटसाठी उतार, पुन्हा चढ, मध्ये विजेचा डीपी बॉक्स, त्यापुढे टू-व्हीलर. मग माणूस खाली उतरून रस्त्यानेच चालतो आणि समोरून राँग साइडने कुणीतरी येतोच. सिग्नलला हिरवा माणूस दिसतो पण आम्ही निम्म्यात असताना तो जातो, वर डावीकडे वळणारे थांबतच नाहीत. कट्ट्यावरच्या एक ताई अशाच पडल्या, मांडीचं हाड मोडलं, त्यानंतर संध्याकाळी बाहेर पडणं बंद केलंय त्यांनी. स्टेशन त्यांच्या घरापासून चालत सात-आठ मिनिटांवर आहे.

म्हणून आमच्यातले कितीतरी जण मेट्रोने जायचं नसतानाही स्टेशनात शिरतात. दोन्ही बाजूंना दरवाजे आहेत ना, इकडच्या लिफ्टने वर, तिकडच्या लिफ्टने खाली, रस्ता पार, आणि यासाठी तिकीट लागत नाही. औषधं आणायला, बँकेत जायला हाच रस्ता झालाय. हे ज्यांना माहीत नाही त्यांनी आपल्या घरच्या आजी-आजोबांना जरूर सांगा.

आणि चांगला फुटपाथ पुण्यात होऊच शकत नाही असं कुणी म्हणत असेल तर त्यांनी जंगली महाराज रस्त्यावर चालून बघावं, रुंद, सपाट, मध्ये मध्ये बसायला बाक. बाक फार गरजेचा, दोन मिनिटं टेकलं की पुढचं अंतर जमतं. तसाच फुटपाथ प्रत्येक स्टेशनच्या चारी बाजूंना निदान अर्ध्या किलोमीटरपर्यंत तरी करा, एवढीच आमची मागणी आहे, नवीन पुलाच्या आधी.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी आठवड्याच्या मधल्या वारी दुपारी बारानंतर जा, गर्दी कमी असते. सोबत एक जण घ्या, नळ स्टॉपपासून संभाजी उद्यानपर्यंत जाऊन या, परत येताना तुम्ही एकटेच तिकीट काढा.