साठ्याची ओळ: आधी अडवावी की लिहिताना तपासावी?

रावेर-सावद्याकडच्या केळी व्यापाऱ्याचं सॉफ्टवेअर घ्या. रायपनिंग चेंबरमध्ये (केळी पिकवायची खोली) ४२० क्रेट, आणि डेटाबेसात त्या चेंबरच्या साठ्याची एक ओळ. एका काउंटरवर ३०० ची विक्री, त्याच क्षणी दुसऱ्यावर २०० ची. दोघांनी ४२० वाचले, आपापली वजाबाकी लिहिली. शिल्लक दिसते १२० किंवा २२०, बिलं मात्र ५०० क्रेटची. नुसती वजाबाकीच करायची तर 'शिल्लक ३०० किंवा जास्त असेल तरच शिल्लक = शिल्लक - ३००' असं एकच अटीचं अपडेट पुरतं. उधारीची मर्यादा, लॉट, दर पाहून ठरवायचं असेल तेव्हा मात्र निवड करावी लागते: 'सिलेक्ट… फॉर अपडेट' (वाचतानाच ओळीवर लॉक लावून इतरांचे बदल अडवायचे) की व्हर्जनचा कॉलम (प्रत्येक बदलाला वाढणारा आकडा, लिहिताना तो वाचला तेव्हाचाच आहे ना हे तपासायचं)?

व्हर्जनमध्ये कुणी कुणासाठी खोळंबत नाही. शेतकऱ्याचं बँक खातं, पत्ता असे फॉर्म दहा-दहा मिनिटं उघडे राहतात. तिथे तेच बरं.

साठ्याला मात्र मला त्यातली एक गोष्ट फार खटकते. व्हर्जन जुळलं नाही तर डेटाबेस एरर देत नाही. अपडेट शून्य ओळी बदलतं आणि निमूट परततं. ओआरएम (प्रोग्रामसाठी क्वेरी आपोआप लिहिणारी लायब्ररी) असेल तर तो बहुधा ओरडतो. हाताने लिहिलेल्या क्वेरीत तो शून्य तपासायचा राहिला, की स्क्रीनवर 'नोंद झाली' आणि साठा जसाच्या तसा. थेट डेटाबेसवर दुरुस्ती करणारा व्हर्जन वाढवायला विसरला, तर तेही कुणाला कळत नाही. फॉर अपडेटने धरलेल्या ओळीपाशी ती दुरुस्तीसुद्धा थांबते. साधं सिलेक्ट थांबत नाही, म्हणून रिपोर्ट अडत नाहीत.

अर्थात फॉर अपडेटलाही पथ्यं आहेत. आधी ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्की किंवा रद्द होणारी वाक्यं) उघडा. ऑटोकमिटमध्ये, म्हणजे प्रत्येक वाक्य आपोआप पक्कं होत असताना, लॉक त्या वाक्याबरोबरच सुटतो. साठा बदलणाऱ्या प्रत्येक जागी वाचन असंच हवं, एक साधं सिलेक्ट राहिलं तरी फट पडते. दोन चेंबर लागले तर आयडीच्या चढत्या क्रमाने धरा, नाहीतर डेडलॉक, म्हणजे दोघे एकमेकांसाठी अडकून पडतात. मायएसक्यूएल डेटाबेसच्या इनोडीबी या साठवण-इंजिनात अटीच्या कॉलमवर इंडेक्स (शोधाची सूची) नसेल, तर नेहमीच्या रिपीटेबल रीडमध्ये (ट्रान्झॅक्शनमध्ये पुन्हा वाचलं तरी तेच दिसणारी पातळी) चाळलेल्या सगळ्या ओळी अडकतात. थांबण्याची मुदत तिथे मुळात ५० सेकंद, आणि ती संपली की फक्त ते वाक्य मागे फिरतं, ट्रान्झॅक्शन उघडंच राहतं. रोलबॅक तुम्हीच करा. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसात आपण ठरवली नाही तर मुदतच नाही. काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना ३ सेकंदांचा लॉक टाइमआउट मला पुरेसा वाटतो.

पोस्टग्रेस ९.५ आणि मायएसक्यूएल ८.० पासूनचं 'स्किप लॉक्ड' (लॉक असलेल्या ओळी वगळून पुढे जाणं) रांगेतलं पुढचं काम उचलायला उत्तम, पण इथे नको. हवी ती ओळच वगळली जाईल. आणि पोस्टग्रेसवर विक्रीच्या टेबलची फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारा कॉलम) चेंबरकडे असेल तर 'फॉर नो की अपडेट' हा थोडा सैल लॉक लिहा, म्हणजे त्या चेंबरच्या दुसऱ्या नोंदी विनाकारण खोळंबत नाहीत.